‘सोड’ आणि ‘ओढ’ : एका फांदीचं प्रकरण

मे महिन्याचा तिसरा आठवडा म्हणजे झाडं छाटणाऱ्यांची लग्नसराई. पाऊस तोंडावर आलेला असतो, वर्षभर मान वर करून झाडाकडे न पाहिलेल्या सोसायट्यांना एकदम फांद्या दिसायला लागतात आणि फोन सुरू होतात. हे प्रकरण अशाच एका फोनचं. पुण्यातली जुनी सोसायटी, तीन मजल्यांच्या दोन इमारती, मधे पार्किंग. वळवाच्या पावसात रात्री काहीतरी कडाडलं. सकाळी वॉचमनला पत्र्याच्या शेडवर सालीचे तुकडे पडलेले दिसले. वर पाहिलं तर शिरीषाच्या आडव्या फांदीला हातभर भेग.

फांदी शेवटी उतरली, कुणाला मोठी इजा झाली नाही, बिलही मिळालं. तरी हे लिहून ठेवतोय, कारण त्या दिवशी चार-पाच चुका एकाच क्षणी एकत्र आल्या आणि नंतर कागदावर हिशेब मांडला तेव्हा कळलं, की त्यांतल्या दोन चुकांनीच आम्हाला वाचवलं होतं.

झाड आणि कागद

विलायती शिरीष, म्हणजे पर्जन्यवृक्ष, मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे सावलीसाठी रस्त्यांच्या कडेनं लावला गेला आणि छान रुळला. संध्याकाळी पानं मिटतो, उन्हाळ्यात चिकट गोड शेंगा टाकतो. त्या शेंगांसाठी शेळ्या घेऊन येणारी एक बाई या सोसायटीच्या फाटकाशी नेमानं येते. झाडाचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर, उंच जाण्यापेक्षा त्याला पसरायला आवडतं. फांद्या आडव्या, लांब आणि सगळा पाला टोकाला. हात आडवा पसरून टोकाला पाण्याची बादली धरली तर खांद्याला जे होतं, ते या झाडाच्या प्रत्येक फांदीच्या मुळाशी रोज होत असतं. पावसात तर ती बादली आणखी भरते.

छातीच्या उंचीवर खोडाचा घेर ३.४० मीटर भरला, म्हणजे व्यास एक मीटरहून थोडा जास्त. भेगाळलेली फांदी जमिनीपासून ५ मीटरवर फुटलेली, मुळाशी ४२ सेंटिमीटर जाडीची आणि सुमारे ९ मीटर लांब. खाली पत्र्याची शेड, बाजूला दुसऱ्या मजल्याची गॅलरी, टोकाच्या पलीकडे रस्त्यावरच्या विजेच्या तारा. भेग फांदीच्या मुळापासून मीटरभर पुढे, लांबीच्या दिशेनं. बुंध्याशी कुठे भूछत्रासारखी बुरशी आलीय का ते पाहिलं, लाकडी हातोड्यानं खोड सगळीकडून ठोकून पाहिलं. नैऋत्येला एका जुन्या छाटणीच्या खुंटाखाली आवाज ढब येत होता, बाकी खोड ठणठणीत. थोडक्यात, झाड चांगलं होतं, फांदी वाईट होती.

समितीतल्या निम्म्या लोकांचं म्हणणं मात्र ‘एकदाचं सगळंच काढा हो’ असं होतं. एका गृहस्थांनी मधला मार्ग सुचवला : वरून सगळं सपाट बोडकं करा, म्हणजे चार-पाच वर्षं बघायला नको. हा मधला मार्ग सगळ्यात वाईट. झाड बोडकं केलं की प्रत्येक खुंटातून धुमाऱ्यांचा झुपका फुटतो. हे धुमारे सालीखालून आलेले, वरवर चिकटलेले असतात. आतून खुंट कुजत जातो आणि पाच-सात वर्षांनी त्याच कुजक्या टोकावर जाडजूड फांद्या डोलायला लागतात. पहिल्यापेक्षा जास्त धोकादायक झाड आपण पैसे देऊन बनवून घेतो.

कागदाचा भाग थोडक्यात. शहरातल्या झाडांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे, आणि झाड आपल्या कुंपणाच्या आत असलं तरी परवानगी लागतेच. २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं महत्त्व आलं. हे झाड सोसायटीच्या आधीपासूनचं, असं तिथले सगळे जुने लोक सांगत होते. उद्यान विभागाकडे अर्ज गेला, पाहणी झाली, भेगेचे फोटो जोडले आणि परवानगी मिळाली ती त्या एका फांदीची आणि वाळक्या काटक्यांची. बोडकं करण्याचा विषय तिथेच संपला. तारांसाठी वीज दोन तास बंद ठेवण्याचं ठरलं, सकाळी आठ ते दहा.

माणसं आणि सामान

आम्ही चौघं. वर चढणारे मामा, पन्नाशी ओलांडलेले, सिंधुदुर्गातले. तरुणपणी माडांवर चढून नारळ पाडायचे, पायाला दोरीचा फास एवढंच सामान. आता बेल्ट घालतात, पण रोज एकदा ‘ह्या काय गुरासारख्या बांधून घेणा’ असं म्हटल्याशिवाय घालत नाहीत. जमिनीवर दोर धरायला बीडकडचा एकोणीस वर्षांचा मुलगा, आमच्याकडे येऊन महिना झालेला. फांद्या ओढायला आणि भरायला टेम्पोवाला. आणि मी. मी सह्याद्रीत कडे चढता चढता या धंद्यात आलो, त्यामुळे दोर आणि गाठी आधी शिकलो, झाडं नंतर.

लोकांना वाटतं आमचं मुख्य हत्यार म्हणजे कटर. चेनसॉला सगळे कटरच म्हणतात. आमच्याकडे दोन आहेत : वर वापरायचा हलका, बारा इंची पात्याचा, आणि खाली ओंडके करायला अठरा इंची. छोट्याच्या साखळीला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, मोठ्याच्या ४.८ची. रोज सकाळी चहा येईपर्यंत दात घासून घ्यायचे, आपले आणि कटरचे. पेट्रोलमध्ये लिटरला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल. साखळी बोथट झालीय हे ओळखायची सोपी खूण म्हणजे भुशाचा पोत : धारदार साखळी चिवड्यासारखे तुकडे टाकते, बोथट साखळी पिठासारखी धूळ. धूळ दिसली की थांबायचं. नाहीतर माणूस जोर लावतो, आणि झाडावर लटकून कटरला जोर लावणं म्हणजे पात्याचं टोक अडकून कटर तोंडाकडे उसळण्याला आमंत्रण.

पण फांदी खाली आणतो तो दोर. त्या दिवशी आमच्याकडे तीन दोर होते. एक मामांचा चढण्याचा, १२ मिलिमीटरचा, ४५ मीटर लांब. बाहेर विणलेलं कवच, आत गाभा. त्याला दुसऱ्या कुठल्याही कामाला हात लावायचा नाही. दुसरा त्यांचा कमरेचा छोटा आडवा दोर, कापताना खोडाभोवती टाकायचा. तिसरा ओझ्याचा, १४ मिलिमीटरचा नायलॉन, बोहरी आळीतून आणलेला, तीन वर्षं वापरातला. शिवाय एक लोखंडी कप्पी, तिला झाडावर बांधायचा पट्टा, आणि फेकदोरी : टोकाला शिशाचे छर्रे भरलेली चिमुकली पिशवी. ती बेचक्यातून अचूक फेकायची, तिच्यामागून खरा दोर ओढून घ्यायचा. पहिल्या फेकीत पिशवी बेचक्यात गेली की दिवस चांगला जातो, अशी आमच्याकडे अंधश्रद्धा आहे. त्या दिवशी पहिल्या फेकीतच गेली होती.

मांड्यांवर घालायच्या खास पँटचंही सांगतो. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. कटर लागला तर धागे बाहेर येऊन यंत्राच्या चाकात गुंततात आणि साखळी जागच्या जागी थांबते. फार चांगली वस्तू. पण मे महिन्यात, चाळीस अंशांत, ती घालून झाडावर दोन तास काढणं म्हणजे कुकरमध्ये बसणं. आम्ही ती नेहमी घालतो असं लिहिलं तर खोटं होईल. मोठ्या कटरला घालतो. छोट्याला चालढकल होते. त्या दिवशीही झाली होती.

सकाळी सव्वानऊ

साडेसहाला पोहे, सातला गाड्या बाजूला. एक गाडी राहिली, कापड पांघरलेली. मालक मुलाकडे परदेशी, किल्ली कुणाकडेच नाही. ती ढकलून कोपऱ्यात नेली. लाल-पांढरी पट्टी बांधली. पट्टी बांधताबांधताच एक आजी खालून वाकून आत आल्या, ‘देवळात पाच मिनिटांत जाऊन येते हो’. त्यांना दुसऱ्या फाटकानं पाठवलं. वर मोहोळ नाही, हे दुर्बिणीतून पाहिलं. कावळ्याचं एक घरटं होतं, पण दुसऱ्या फांदीवर.

मामा चढले. मुख्य खोडाचा एक सरळ वर गेलेला सोट होता, मांडीपेक्षा जाड. फांदीच्या मुळापासून चार मीटर वर त्याला छान बेचकं. मामांनी आपला चढण्याचा दोर त्या बेचक्यातून घेतला आणि ओझ्याची कप्पीही त्याच सोटाला, हातभर खाली बांधली. मी खालून पाहिलं, मान डोलावली. ही पहिली चूक, आणि ती माझी.

ओझ्याचा दोर असा जात होता : फांदीच्या तुकड्याला गाठ, तिथून वर कप्पी, कप्पीतून खाली आणि जमिनीवर झाडाच्याच बुंध्याला वेढे. वेढ्यांचं शेवटचं टोक मुलाच्या हातात. दोर खोडाला घासतो, त्या घासण्यातच ओझ्याचा बराचसा भार संपतो आणि हातात थोडाच येतो. होडी खुंट्याला बांधलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

टोकाचे तुकडे आधी. सगळा पाला, वजन कमी. मुलानं दोन वेढे घेतले होते, पण पहिली डहाळी अधांतरी लटकूनच राहिली, खाली येईना. दोर खोडाला इतका घट्ट बसला. मी म्हटलं, ‘बाळा, एक वेढा काढ.’ त्यानं काढला. पुढच्या चार डहाळ्या झोकात उतरल्या. वेळेत काम चाललंय म्हणून मी खूश. तो वेढा परत घालायला सांगायचं राहून गेलं. ही दुसरी, हीसुद्धा माझी.

मग पाल्याशिवायचा पहिला ओंडका. मी खालून अंदाज सांगितला : सिमेंटच्या दीड गोणीएवढा, म्हणजे पंचाहत्तर किलो. मी काप धरला होता तिथे लाकडात मोठी गाठ निघाली, कटर तिथे चालवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मामा मागे, खोडाकडे सरकले, म्हणजे ओंडका लांबला. किती सरकले ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

कापण्याआधी दोर ताणून घ्यायचा असतो. तुकडा सुटतो त्या क्षणी दोरात ढिलाई नको. मामांचा कटर कमरेला लटकलेला, चालूच होता. शेजारच्या प्लॉटवर स्लॅब भरत होते, मिक्सर गुरगुरत होता. मामा वरून ओरडले.

मालवणीत ‘ओढ’चा ‘ओड’ होतो. बीडकडच्या मुलाच्या बोलीत ‘ओढ’चा ‘वढ’. त्याचा कान ‘वढ’साठी तयार होता. आलं ते ‘ओड’. मिक्सरच्या आवाजात त्याला ऐकू आलं ‘सोड’.

त्यानं शहाण्या मुलासारखा दीड मीटर दोर सोडला. मामांनी वरचा काप घेतला.

ओंडका सुटला, दीड मीटर मोकळा पडला आणि दोराला हिसका बसला. खोडावरचा एकच वेढा सर्रकन घसरला. मुलानं टोक तळहाताभोवती अर्धा पीळ देऊन धरलं होतं. सगळे नवीन असताना तसंच धरतात, पकड चांगली वाटते म्हणून. हात खोडाकडे खेचला गेला, हातमोजा दोराबरोबर गेला आणि हात बाहेर निघाला. ओंडका शेडच्या कडेवर आदळला, दोन पत्रे दुमडले, एक पन्हळ तुटली. मग जमीन. गाडीच्या कापडावर धूळ बसली, तेवढंच.

सगळं मिळून दोन सेकंद. पहिला आवाज मामांचा : ‘मिया ओड सांगलंय रे, सोड नाय!’ मुलगा तळहात पोटाशी धरून उभा. ‘मला सोडच आलं ऐकू, मामा. वढ म्हनले असते तर वढलं असतं की.’ दोघंही खरं बोलत होते.

तळहात नळाखाली, वीस मिनिटं. साल गेली होती, फोड आले होते, बोटं हलत होती. टेम्पोवाला त्याला दवाखान्यात घेऊन गेला. मोजा मला नंतर सापडला, दोर आणि खोडाची साल यांच्या मधे दाबून बसलेला. रबराचा, आमच्या स्टॉकमधला, सगळ्यांना एकाच मापाचा. त्याच्या हाताला तो दोन बोटं मोठा होता. मापाचा असता तर हात आत राहिला असता.

वखारीच्या काट्यावर

संध्याकाळी लाकूड वखारीत गेलं तेव्हा मी तो एक ओंडका वेगळा काढून काट्यावर ठेवला. लांबी २.१ मीटर, मधली जाडी ३० सेंटिमीटर. वजन १३१ किलो. माझा अंदाज पंचाहत्तरचा.

हे चुकायला नको होतं. ओलं लाकूड पाण्याइतकंच जड धरायचं, ही साधी पद्धत आहे. ०.१५ गुणिले ०.१५ गुणिले ३.१४ गुणिले २.१, म्हणजे सुमारे ०.१४८ घनमीटर, म्हणजे जास्तीत जास्त १४८ किलो. अंदाज वरच्या बाजूला चुकतो, आणि तोच हवा. मी मात्र नजरेनं दीड गोणी म्हटलं होतं, कारण सकाळपासून पाल्याच्या फांद्या बघून नजर हलकी झाली होती.

आता दोराचं गणित. खरखरीत सालीवर एका पूर्ण वेढ्याला भार साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो, दोन वेढ्यांना विसाव्याच्याही खाली. साल, दोर, ओल यांप्रमाणे हे बदलतं, पण हिशेबाला पुरे. दोर ताणलेला असता, तर १३१ किलोचा ओंडका एका वेढ्यावर हातात सव्वीस किलोच्या आसपास लागला असता. जड, पण धरता येण्याजोगा. मुलगा माझ्यापेक्षा दणकट आहे.

ढिलाईनं सगळं बदललं. पडता ओंडका दोरानं अर्ध्या मीटरच्या ताणात थांबवायचा म्हटलं, तर वजनाच्या पाच पट हिसका सहज येतो. कमी ताणात थांबवला तर त्याहून जास्त. पाच पट म्हणजे साडेसहाशे किलो. एका वेढ्यानंतर हातात सव्वाशेच्या वर. हे कुणालाच धरता येत नाही, आणि हात न सुटता धरून ठेवणं हे तर त्याहून वाईट.

इथपर्यंत आलो तेव्हा मला उत्तर सापडल्यासारखं वाटलं : दोन वेढे हवे होते. दोन वेढ्यांवर तोच हिसका तीस किलोच्या आत आला असता, मुलानं तो आरामात धरला असता, पत्रे वाचले असते. वहीत तसं लिहिलंही. मग दोराची दुसरी बाजू मांडली आणि लिहिलेलं खोडलं.

कप्पीतून दोराचे दोन पदर खाली येतात, एक ओझ्याचा, एक धरणाऱ्याचा. दोन्ही पदर ताणलेले असले की कप्पीच्या पट्ट्यावर ओझ्याच्या दुप्पट भार येतो. साडेसहाशेचा हिसका जमिनीवर घट्ट धरला असता, तर वरच्या सोटावर एका क्षणात तेराशे किलो. आणि त्याच सोटाच्या बेचक्यात, हातभर वर, मामांचा चढण्याचा दोर.

दोर घसरला म्हणून तो ताण कधी आलाच नाही. एका वेढ्याच्या चुकीनं पत्रे मोडले आणि सोट वाचला. सोटानं तेराशे पेलले असते की नसते, मला माहीत नाही. तो निरोगी होता, कदाचित पेलले असते. पण मी ज्याला ‘उपाय’ म्हणून वहीत लिहीत होतो, त्यानं तो प्रयोग मामांसकट केला असता.

त्यामुळे या प्रकरणात मी चुकांचा क्रम असा लावतो. सगळ्यात वर, एकाच सोटाला माणूस आणि ओझं बांधणं. त्याखालोखाल ढिलाई. वेढ्यांची संख्या त्यानंतर. मुलानं चुकीचं ऐकलं, हे मी यादीत धरलेलंच नाही. ज्या दोन शब्दांत फक्त एका ‘स’चा फरक आहे आणि अर्थ बरोबर उलटा, ते शब्द आम्ही सात-आठ वर्षं वीस-पंचवीस फुटांवरून ओरडत होतो. सगळे एकाच गावचे होतो तोवर निभावलं.

उरलेलं काम

वीज दहाला परत आली. तारांकडचं टोक तोवर उतरलेलं होतं, ते एक बरं. मामांना खाली बोलावलं, चहा झाला. सेक्रेटरी काका पत्रे बघून गेले. रागावले नाहीत, पण ‘विमा वगैरे असतो का हो तुमचा?’ असं विचारलं. होता, पण दोन पत्र्यांसाठी कागद नाचवण्यापेक्षा आम्ही पत्रे स्वतः बदलून दिले. त्या दिवसाच्या कमाईतला मोठा वाटा त्यात गेला.

दुपारी तीननंतर उरलेले तीन ओंडके. मामांचा दोर पलीकडच्या सोटावर, कप्पी आधीच्याच सोटावर. दोर मी धरला. आणि शब्द बदलले. मुलगा हाताला पट्टी बांधून परत आला होता, तो बाजूला बसून म्हणाला, ‘दादा, पतंगाला म्हनतो तसं म्हना की. ढील आन् खेच.’ मामांनाही पतंगाची ‘ढील’ माहीत होती. ‘ढील’, ‘खेच’, ‘थांब’ : तिघांत एकही आवाज सारखा नाही. शिवाय खालच्यानं ऐकलेला शब्द परत ओरडून सांगायचा, तो बरोबर आला तरच वरच्यानं कटर लावायचा. आणि ओरडताना कटर बंद. चालू-बंद करण्याचा मामांना कंटाळा, त्यावर थोडी वादावादी झाली. पण झालं.

प्रत्येक तुकडा मीटरभराचाच. सुटला की दोर जागीच आवळायचा नाही, थोडा वाहू द्यायचा आणि मग हळूहळू थांबवायचा. गाडीला ब्रेक मारतो तसा. तिन्ही ओंडके शेडच्या पलीकडे मोकळ्या जागेत उतरले. कंटाळवाणं काम झालं. असंच व्हायला हवं असतं.

शेवटचा खुंट तीन कापांत काढला. आधी खालून चीर, तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. मग थोडं पुढे वरून काप, म्हणजे खुंट पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. आणि शेवटी उरलेलं बोटूक फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्याच्या बाहेरून. त्या फुगवट्याला आम्ही कॉलर म्हणतो. तिला इजा करायची नाही, कारण जखमेभोवती नवं लाकूड तिथूनच येतं. खोडाला लागून सपाट कापलं की दिसायला नीटनेटकं दिसतं आणि झाडाला महाग पडतं.

खाली उतरल्यावर काकांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता : ‘आता डांबर लावणार ना?’ नाही. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शिगो या शास्त्रज्ञानं कटरनं हजारो झाडं उभी चिरून आतल्या जखमा पाहिल्या आणि १९७०च्या दशकात मांडलं, की झाड जखम भरून काढत नाही. ते कुजलेल्या भागाभोवती भिंती उभ्या करतं आणि त्यावरून नवं लाकूड वाढवत नेतं. डांबर त्या भिंतींना मदत करत नाही, उलट खाली ओल कोंडते. हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘निदान गेरू तरी लावा, लोक विचारतात.’ गेरू लावला. झाडाचं त्यानं बिघडत नाही.

नंतर

आठवड्याभरात बुंध्याला पट्ट्यानं बांधायचं लोखंडी नळकांडं घेतलं, दोर त्याच्यावर गुंडाळायचा आणि वेढे मोजून घालायचे-काढायचे. सालीवर भरवसा ठेवावा लागत नाही, सालीला जखमही होत नाही. गल्लीतल्या वेल्डरकडून पाइपचं बनवून घ्यायचा मोह झाला होता, तोही अर्ध्या किमतीत तयार होता. पण त्याच्या जोडावर किती भार चालतो, हे त्याला सांगता येईना. मोजे तीन मापांत आणले. चौदा मिलिमीटरचा नायलॉन ज्या तीन-चार फुटांवर हिसका बसला होता तिथे हाताला कडक लागत होता, तो कापून टेम्पोत पाला बांधायला दिला. आता प्रत्येक दोराच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी आणि घेतल्याची तारीख असते.

मुलगा तीन आठवडे दोराला हात न लावता कामावर येत होता. त्या काळात मी त्याला ओंडक्यांची वजनं काढायला बसवलं : फांदी कापण्याआधी जाडी-लांबीवरून आकडा सांगायचा, संध्याकाळी वखारीत ताडून बघायचा. सुरुवातीला तोही माझ्यासारखाच निम्म्यावर चुकायचा. जुलैपर्यंत तो दहा किलोच्या फरकात येऊ लागला. मी अजून वीसमध्ये आहे.

ऑक्टोबरमध्ये झाड पाहायला गेलो. कापाच्या कडेनं बोटाच्या पेराएवढी नव्या लाकडाची कडा वर आली होती, दोन्ही बाजूंनी जास्त, खाली कमी. गेरू पावसात वाहून गेला होता. नैऋत्येच्या जुन्या खुंटाखालचा तो ढब आवाज अजून तसाच, फार वाढलेला वाटला नाही. त्याच्या सीमेवर खडूनं नव्हे, ऑइलपेंटचे चार ठिपके दिले, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा ठोकून बघायला. मामा तेवढ्यात आम्ही आणलेली शिडी झाडाला लावत होते आणि खालून मुलाला सांगत होते, ‘जरा हयसून ओड.’

मुलानं विचारलं, ‘खेच का?’

‘खेच, खेच,’ मामा म्हणाले.